पाठीवरचा भोपळा

मिरजेच्या खटावकर मंडपवाल्यांकडे नव्या माणसाला काही म्हणजे काही शिकवत नसत. "पाण्यात पडलं की पोहता येतं," असं मालक मुकुंदराव मिशीवरून हात फिरवत सांगायचे. आधीच्या नव्या माणसाने तेराव्याला बारशाचा पाळणा पाठवला आणि मुंजीच्या दारात वधूवरांच्या स्वागताची कमान उभी केली. त्याला काढून टाकताना मालक एवढंच म्हणाले, "बुडाला बिचारा."

त्याच्या जागी प्रणिता घोरपडे आली. तिने विचारलं, "मालक, कुठली कमान कुठे जाते, जरा दाखवता का?"

"पड पाण्यात!" मालक गरजले.

दुसऱ्या दिवशी प्रणिता पाठीला भलामोठा वाळका भोपळा बांधून कामावर हजर!

"हे काय सोंग?"

"आमच्या गावात पोराला विहिरीत ढकलण्याआधी पाठीला भोपळा बांधतात. तुम्ही बांधला नाहीत, म्हणून घरून आणला."

"सोड तो, नाहीतर घरी बस!"

तेवढ्यात 'आदर्श मालक' पुरस्कार ठरवायला व्यापारी संघाचे अध्यक्ष आले. मुकुंदरावांनी छाती फुगवली. "आमच्या नव्या माणसालाच विचारा की!"

अध्यक्षांनी प्रणिताला विचारलं, "शिकवण्यात मालकांना दहापैकी किती गुण देशील?"

प्रणिता नुसती वळून पाठ करून उभी राहिली.

अध्यक्षांनी भोपळ्यावर टिचकी मारली. आवाजही पोकळच आला.

दुपारी मुकुंदराव स्वतः तिला गोदामातली एकेक कमान समजावत होते. "आता तरी सोड गं तो भोपळा!"

"थांबा मालक," प्रणिता म्हणाली, "अजून गटांगळ्या खातेय."