रेवजीची कानटोपी

“मग दोरा धरायचा कोणत्या हातात, बाबा? डाव्या की उजव्या?”

रेवजीचे गुरू सिदोबाबा विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“धरवेल त्या.”

“असं कसं? खरी रीत एकच असणार,” रेवजी म्हणाला.

बाबांनी पुढचा टाका घातला.

त्या डोंगरावरच्या मठात रेवजीइतके पाठांतर कोणाचे नव्हते. ते तो कोणाला विसरू देत नसे.

शेजारच्या खोलीत त्याची आई तापाने पडली होती. हिवाने दात वाजत होते. मठातली टोपी पुढे केली तर तिने ती दूर सारली.

“माझा रेवा विणतोय म्हणाला ना? त्याच्या हातची घालीन.”

रेवजी तसे म्हणाला होता खरे. सुई मात्र त्याने कधी हातात धरली नव्हती.

तो बाबांसमोर बसला. बाबा दोरा मानेमागून घेत, यानेही घेतला. बाबा सुईचे टोक काखेत दाबत, यानेही दाबले. सुलट टाके जमले की उलट सुटत. तो सगळे उसवी आणि पुन्हा घाली.

आईची शुश्रूषा करणारी तुळसाकाकू पाणी न्यायला आली आणि थबकली.

“बोटं का रे बांधलीस? कापलं?”

रेवजीने उजव्या हाताची शेवटची दोन बोटे दुमडून चिंधीने बांधली होती.

“बाबांना ती बोटं नाहीत, काकू. ती मधे आली की रीत बिघडते.”

“अरे देवा!” काकूने कपाळावर हात मारला. “बाबांची बर्फात झडली रे! सोड ती चिंधी. तुला येईल तसं वीण. टोपी तिला आज घालायचीय, तेराव्याला नव्हे.”

“गुरूची रीत मोडून विणलेलं आईच्या डोक्यावर घालणार नाही मी.”

काकू पाय आपटत गेली.

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिले.

“दुखतं?”

“दुखू दे.”

बाबा पुन्हा विणू लागले...

दिवस कलला. टोपी चार बोटे रुंद झाली, मग पुन्हा उसवली. भिंतीपलीकडून आईची हाक आली. “रेवा, झाली का रे?”

“होतेय, आई.”

पुन्हा हाक आली नाही.

तुळसाकाकू दारात येऊन उभी राहिली. तोंडाला पदर लावलेला.

रेवजीच्या मांडीवरून सुया घरंगळल्या.

“बाबा... मी रीत सोडली नाही. एका टाक्यालाही सोडली नाही.”

बाबा उठले, त्याच्यापुढे बसले. त्याचा हात हातात घेऊन चिंधीची गाठ सोडू लागले. आतली बोटे काळीनिळी पडली होती, उघडत नव्हती. बाबांनी ती एकेक करून चोळली.

“मोकळी कर,” ते म्हणाले. “मडकं धरायला पाची लागतील.”