पाणी कुठून आणशील?

उंच उंच सह्याद्रीत, ढगांच्या शेजारी, एक इवलीशी धनगरवाडी होती. तिथं नवली नावाची पोर राहायची. परकराला ठिगळं, पण मन कसं लख्ख! तिचा डोंगर होता लालेलाल. त्याचा दगड फार मोलाचा. मग काय, आले की खाणवाले! त्यांनी डोंगराचं पोट पोखरलं, दगड ट्रकांत भरून नेला आणि नको ती माती टाकली थेट झऱ्यावर. झरा गाडला गेला. आता वाडीत प्यायला थेंब नव्हता. उद्या आपण वाडी सोडायची, असं आयेनं रडत रडत सांगितलं.

नवलीनं मात्र मनाशी खूणगाठ बांधली. पाटी घेतली आणि निघाली झरा उकरायला.

ओसाड खाणीच्या काठावर चिमुकली जांभळी फुलं दाट फुलली होती. त्यांतलं एक हललं आणि बाहेर आली बोटाएवढी परी! पंखांवर दवाचे चमचमते मणी. एक इच्छा माग, ती म्हणाली, पण नवं काही घडवणं मला जमत नाही. मी फक्त इथलं उचलून तिथं ठेवते.

नवलीच्या घशाला कोरड पडली होती. तरी तिनं विचारलं, "मग पाणी कुठून आणशील?"

"पलीकडच्या वाडीच्या झऱ्यातून."

तिथंही नवलीएवढ्याच पोरी होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी ओढून घ्यायचं? छे, बाई!

"मग पाणी नको," नवली म्हणाली. "ही माती उचल आणि जिथून काढली, त्या खड्ड्यात नेऊन ठेव."

परी गोड हसली. "काय देशील, असं सगळेच विचारतात गं. कुठून आणशील, असं तूच विचारलंस. पण ऐक, तू एक पाटी वाहिलीस तर मी शंभर वाहीन. तू थांबलीस की मीही थांबले."

नवली थांबतेय कसली! हाताला फोड आले, डोळ्यांत लाल धूळ गेली, तरी पाटीमागून पाटी चालूच. शोधत शोधत आये आली. तिनं पोरीचे हात पाहिले, पदर खोचला आणि माती भरायला बसली.

ऊन कलता कलता माती ओली लागली. मग झुळझुळ झुळझुळ करत झरा वर आला. परी त्याच्यावर एकदा भिरभिरली, सोनेरी झाली आणि उजेडात विरून गेली.

वाडी काही उठली नाही. आणि पलीकडच्या पोरी आपल्या झऱ्यावर रोज घागरी भरत राहिल्या. आपलं पाणी कुणी राखलं, हे त्यांना कधी कळलंच नाही.