भिवराक्काचा बुडखा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला सांगता येणार नाही, कारण मी शोधायला गेलो की दर वेळी ही गोष्ट आणखी मागे सरकते, घाटाच्या पायथ्याशी पळसोळी नावाचं गाव होतं. गावाच्या मधून ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडे वरची वाडी, पलीकडे खालची वाडी, आणि काठावरच्या उंचवट्यावर एक फणस. फणस एवढा मोठा, की त्याच्या सावलीत दोन्ही वाड्यांची गुरं मावायची. वरच्या वाडीकडे झुकलेल्या फांद्यांना घट्ट गऱ्यांचा कापा फणस लागायचा आणि खालच्या वाडीकडच्या फांद्यांना मऊ, घशातून आपसूक उतरणारा बरका, असं म्हणतात. एकाच झाडाला हे कसं जमावं, मला समजत नाही. पण दोन्ही वाड्या तसंच सांगतात, आणि एरवी त्यांचं कशावर एकमत होत नाही.

त्या फणसाशेजारी भिवराक्का सुतारीण राहायची. नवरा गेल्यावर तिनं त्याचा वाकस उचलला आणि लाकूड तासायला लागली. पण नांगर, पाट, दाराच्या चौकटी यांत तिचं मन रमेना. तिला वेड बुडख्यांचं. झाड तोडून लोक लाकूड घेऊन जायचे, बुडखा तिथंच राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याची ठेच लागायची. भिवराक्काला मात्र बुडखा दिसला की पुढं जाववत नसे. ती त्यावर बसायची, पान लावायची, पान चघळून होईपर्यंत गप्प राहायची. मग उठून म्हणायची, "आत अस्वल हाय." आणि वाकस चालवून ते अस्वल बाहेर काढायची.

त्या अस्वलाच्या कानात मधमाश्यांनी पोळं केलं, असं म्हणतात. जांभळीच्या बुडख्यातून तिनं कोंबडी काढली, तर तिच्यापायी गावातले कोंबडे एकमेकांची पिसं उपटत बसले. ओढ्याकाठच्या बुडख्यातून बगळा काढला, तेव्हा मासे घाबरून तिकडे फिरकेनात. कोळ्यांनी तक्रार केली. भिवराक्कानं बगळ्याची मान धरली आणि दुसरीकडे वळवून ठेवली. लाकडाची मान कशी वळली, ते मला विचारू नका.

एका वर्षी वरच्या वाडीचा कारभारी रावजी याची मुलगी चिमा आणि खालच्या वाडीचा कारभारी सुभाना याचा मुलगा येसू यांचं लग्न जमलं. गावची रीत अशी, की दोन्ही बापांनी फणसाखाली एकमेकांचा हात धरून शब्द द्यायचा, आणि मगच मुलीला हळद लागायची. त्याच्या आदल्या दिवशी वादळ आलं आणि फणस कमरेएवढ्या उंचीवर कडाडून मोडला. मागं उरला नुसता बुडखा, खळ्याएवढा रुंद आणि मधोमध पोकळ.

फांद्यांची वाटणी सरळ झाली. भांडण लागलं ते बुडख्यावरून.

"यात मारुती घडवायचा," रावजी म्हणाला, "तोंड आमच्या वाडीकडं."

"नंदी घडवायचा," सुभाना म्हणाला. "आणि तोंड आमच्याकडं. तुमच्याकडं शेपूट."

"शेपूट कुणाला दाखवतोस रं?"

"ज्याला दिसंल त्याला!"

बोलण्यातून बोलणं वाढलं. वाड्यांनी एकमेकींचं पाणी तोडलं, विस्तव तोडला. हात धरून शब्द द्यायचा तर दोघे समोरासमोर उभे राहीनात. लग्न राहिलं.

तेव्हा चिमा भिवराक्काकडे आली. रडत नव्हती, रागानं लाल झाली होती. "आक्का, माझं लगीन त्या बुडख्यात अडकलंय बघ."

"मग काढू की भाईर," भिवराक्का म्हणाली.

तिनं दोन्ही वाड्यांत निरोप धाडला : "बुडखा लई मोठा हाय. आत काय हाय ते माझ्या एकटीला कळंना. ज्याला जे पायजे त्यानं बुडख्याच्या काठावर बसून मला सांगावं. बाकीच्यांना कळू देऊ नये."

मग एकेक जण दुसऱ्याची नजर चुकवून यायला लागला. भिवराक्कानं बुडख्याच्या काठावर ओली तांबडी माती थापून ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "उन्हाचं बूड भाजंल तुझं." लोक त्या गार मातीत बसायचे आणि मनातलं सांगायचे. कुणी मारुती मागितला, कुणी नंदी, कुणी वाघ. गोमाजी नावाच्या म्हाताऱ्यानं नुसताच उसासा टाकला आणि म्हणाला, "मला काय नको गं. पाठ दुखती, वाईच बसू दे." माणूस उठून गेला की भिवराक्का मातीत उमटलेला ठसा बघायची आणि त्याच्याभोवती वाकसानं रेघ मारायची.

आता सगळे चोरून आले होते खरे, पण जो तो घरी गेला तो मागं तांबडा डाग घेऊन. ओढ्यावर दोन्ही वाड्यांच्या बायका धुणं धुवायला बसल्या, तेव्हा दोन्ही काठांवर तीच धोतरं आणि तेच डाग! एक बाई हसली, मग पलीकडची हसली, आणि ओढा खालपर्यंत तांबडा होऊन वाहिला. पुरुषांना मात्र कुणी काही सांगितलं नाही.

भिवराक्कानं बुडख्याभोवती चटया बांधल्या आणि आतून वाकसाचा आवाज येऊ लागला. वरची वाडी मारुतीसाठी शेंदूर कालवून बसली. खालची वाडी नंदीसाठी घुंगरांची माळ घेऊन आली. चटया सुटल्या. आत ना मारुती होता, ना नंदी. बुडख्याच्या काठावर गोल, एकाला एक लागून, नुसत्या खळग्याच खळग्या होत्या.

"हे काय? खड्डे?" रावजी ओरडला.

"म्हातारीला भ्रम झाला," सुभाना म्हणाला. भांडण लागल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

एवढ्यात गोमाजीची पाठ दुखू लागली. तो एका खळगीत बसला आणि पाय आत पोकळीत सोडले. "आई गं," तो म्हणाला, "ही माझीच हाय!" त्याच्या वाकड्या पाठीला नेमका टेकू मिळाला होता. मग एकेक जण आपापली खळगी शोधायला लागला. जो जिथं बसला तिथं तो नेमका मावला. वरच्या वाडीच्या माणसाशेजारी खालच्या वाडीचा माणूस, त्याच्या पलीकडे पुन्हा वरचा. एका बुडख्यावर दोन वाड्या कशा मावल्या, असं मी ही गोष्ट सांगणाऱ्या आजीला विचारलं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी रावजी आणि सुभानाही बसले. त्यांच्या खळग्या शेजारीशेजारी होत्या आणि सगळ्यांत खोल होत्या. बसताना बरं वाटलं. उठायला गेले, तर उठता येईना. रावजीनं जोर लावला, सुभानानं कण्हून पाहिलं. दोन्ही वाड्या तोंडाला पदर आणि पटके लावून बघत होत्या.

"आक्का, काढ की आम्हाला!"

"मी काय काढू? मी म्हातारी," भिवराक्का पान लावत म्हणाली. "शेजाऱ्याचा हात धरा, उठाल."

बराच वेळ कुणी हात पुढं केला नाही. ऊन कलायला लागलं. मग सुभाना पुटपुटला, "आण रं हात." रावजीनं हात दिला. दोघांनी एकमेकांना ओढलं आणि दोघं एकदम उभे राहिले, बुडख्यावर, सगळ्या गावासमोर, हातात हात घट्ट धरून.

"सोडू नका!" चिमा ओरडली. हळदीची वाटी तिनं आधीच आणून ठेवली होती.

त्या लग्नात शेंदूर मंडपाच्या खांबांना लागला आणि नंदीची घुंगरं येसूच्या बैलांना.

भिवराक्का पुढं खूप जगली. एका सकाळी ती बुडख्यावर बसलेली लोकांनी पाहिली. शेजारी हात द्यायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पाहिलं, तर ती उठून गेली होती, आणि पोकळीतून फणसाचा एक हिरवा फुटवा वर आला होता, पुढं केलेल्या हातासारखा. ती कुठं गेली हे कुणाला कळलं नाही. फुटव्याचं झाड झालं. त्याचा फणस कापा की बरका, यावर पळसोळीत अजून वाद आहे, पण तो वाद बुडख्यावर बसूनच घालायचा असतो.

आजही तिथं लग्न जमलं की दोन्ही व्याह्यांना ओल्या तांबड्या मातीत बसवतात, आणि तो डाग लग्न होईपर्यंत धुवू देत नाहीत. आणि त्या गावात कुणी म्हाताऱ्या माणसाला उठवायला हात पुढं करतं, तेव्हा "ऊठ" म्हणत नाही. नुसतं "भिवराक्का" म्हणतं, आणि म्हातारा हात धरून उठतो.