मोकळं अंग

एका गावात एक तालीम होती. तालीम लहानच. वर कौलं, आत लाल मातीचा हौदा आणि कोनाड्यात मारुती. मारुतीशेजारच्या खुंटीवर दाराची किल्ली टांगलेली असे. ती किल्ली ज्याची, तो तालमीचा वस्ताद. गावच्या जत्रेत लागोपाठ तीन वर्षं जो कुस्ती मारून गदा आणेल, त्याच्या हातात जुन्या वस्तादाने ती किल्ली स्वतः द्यायची, अशी तिथली रीत होती.

राऊ वस्ताद आता थकले होते. डोळ्यांनाही कमी दिसायचं. आपण आहोत तोवर किल्ली चांगल्या हातात पडावी, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती. तो हात कुणाचा हेही ठरल्यासारखंच होतं. त्यांचा पठ्ठा येसबा याने लागोपाठ दोन वर्षं गदा आणली होती आणि तिसरी जत्रा चार महिन्यांवर आली होती.

तालमीत आणखी एक रीत होती. पहाटे पैलवान हौद्यात उतरण्याआधी वस्ताद एकेकाला विचारत, "अंग कसं हाय?" जड आहे असं उत्तर आलं, तर त्या दिवशी जोर कमी आणि खुराक जास्त. मोकळं आहे असं उत्तर आलं, तर कालचा खुराक अंगी लागला असं समजायचं आणि जोर-बैठका वाढवायच्या. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं होतं. त्यात कधी काही अडलं नव्हतं.

खुराक गावाकडून यायचा. कुणाकडून भिजवलेले हरभरे, कुणाकडून बदाम, कुणाकडून तूप. येसबाचं दूध केराबाईकडचं. केराबाई एकटी बाई, दारात एक म्हैस. रोज सकाळी ती चरवी भरून ठेवी. येसबाने तिच्या ओट्यावर बसून ती रिकामी केल्याशिवाय केराबाई स्वतः भाकरीला हात लावत नसे.

येसबाला या सगळ्याचा कंटाळा आला होता. दोन गदा घरात आल्या की माणसाला बऱ्याच गोष्टींचा कंटाळा येतो. एवढं खायचं, ते पचवायचं, आणि वर प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. हरभरे देणारा हरभऱ्यांबरोबर एखादा डावही शिकवायचा, मग त्याने जन्मात लंगोट बांधलेला नसला तरी.

अशात गावात बाळंभट नावाचे वैद्य येऊन राहिले. त्यांच्याकडे एक अर्क होता. मेहनत झाल्यावर पेलाभर घ्यायचा, की सकाळी अंगदुखी गेलेली. अर्क खरा होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वैद्य आता लबाड निघतील, मग लबाड निघतील, म्हणून तुम्ही वाट बघत बसाल. ते काही लबाड निघणार नाहीत.

येसबाने पेला घेतला. सकाळी उठला तर खांदे हलके, मांड्या हलक्या. आठ दिवस हाच अनुभव आला. मग त्याने तालमीच्या रीतीनेच विचार केला. अंग मोकळं म्हणजे खुराक अंगी लागला. अंग तर आता अर्कानेच मोकळं होतंय. म्हणजे अर्क हाच खुराक. मग चरवीभर दूध आणि ओंजळभर हरभरे कशाला?

विचार इतका सरळ होता की त्याला तो खरा वाटला. वैद्यांना एकदा विचारून बघावं, असं त्याच्या मनात आलं नाही. वैद्यांनीही आपण होऊन काही सांगितलं नाही. दाराशी गिऱ्हाईक वाढलं की माणूस जरा अबोल होतो.

येसबाने घरोघर जाऊन खुराक बंद करायला सांगितलं. वस्तादांना मात्र सांगितलं नाही. केराबाई तरीही चार दिवस चरवी घेऊन तालमीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि चारही दिवस भरली चरवी घेऊन परत गेली. पाचव्या दिवसापासून तिने ते दूध रेडकाला सोडलं.

इकडे रोज पहाटे वस्ताद विचारत, "अंग कसं हाय?" येसबा सांगे, "मोकळं हाय, वस्ताद." आणि ते खरंच असे. वस्तादांना आनंद व्हायचा. पोराला खुराक लागतोय असं समजून ते पन्नास जोर वाढवायचे. पुढच्या आठवड्यात आणखी पन्नास. अंगातून रोज जास्त जात होतं, अंगात रोज कमी पडत होतं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर येसबा वाचला असता.

जत्रेला महिना उरला असताना तो केराबाईच्या दारावरून चालला होता. तिने त्याला हाक मारून थांबवलं. त्याच्या दंडावर काळ्या दोऱ्यात बांधलेला ताईत होता. तो तिनेच बांधलेला, दंडात रुतेल असा. आता तो घसरून कोपराशी आला होता.

"येसबा, दोरा ढिला झाला न्हाई," केराबाई म्हणाली. "दोऱ्याला मी गाठ मारली हुती. तुझा दंड गेलाय."

येसबा हसला. म्हणाला, अंग फुलासारखं हलकं आहे, उगाच काळजी करू नकोस. तिने दोरा सोडून पुन्हा घट्ट बांधला. बांधताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जत्रेच्या दिवशी मैदान भरलं. समोर नदीपलीकडच्या गावचा सुबाना पैलवान होता. खडाखडी सुरू झाली. पहिली पाच मिनिटं येसबाचीच होती. तो चपळ होता, एकदा तर त्याने सुबानाला जवळजवळ पाडलाच. मैदानाच्या कडेला वस्ताद कान देऊन बसले होते. दिसत नव्हतं, म्हणून ते लोकांच्या आवाजावरून कुस्ती बघत होते.

सातव्या मिनिटाला सुबानाने येसबाच्या मानेवर हात टाकून नुसतं वजन दिलं. डाव असा काही नव्हताच. गेल्या वर्षी येसबाने असलं ओझं हसत झटकलं असतं. आज त्याने जोर मागितला आणि जोर आला नाही. गुडघे वाकले, पाठ मातीला लागली. वस्तादांच्या बाजूचे लोक एकदम गप्प झाले आणि काय झालं ते वस्तादांना कळलं.

त्या संध्याकाळीही येसबाने सवयीने पेला घेतला. सकाळी उठला तर अंग मोकळं होतं. हरलेल्या पैलवानाचं अंग ठणकायला पाहिजे, त्याचं कुठेच दुखत नव्हतं. तेव्हा त्याला पहिल्यांदा त्या मोकळेपणाची भीती वाटली.

बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून तो तालमीकडे धावला. गावकऱ्यांनी बाळंभटांना धरून आणलं होतं. त्यांच्या अर्कानेच पैलवान नासवला, यांना गावाबाहेर काढा, असं चाललं होतं. वैद्य घामाघूम झाले होते. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी थकवा घालवतो म्हणालो होतो. दूध सोड, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही." पण ऐकतो कोण?

येसबा दारात उभा होता. तो नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होतं. वैद्य गेले असते, लोकांनी येसबाची कीव केली असती, आणि पुढच्या वर्षी त्याच मानाने त्याला पुन्हा मैदानात उतरवलं असतं. हे सगळं त्याच्या लक्षात आलं. एक क्षण त्याला ते हवंसंही वाटलं. मग त्याची नजर दंडावरच्या दोऱ्याकडे गेली.

"त्यास्नी सोडा," तो म्हणाला. "अर्कानं सांगितलं तेवढं काम केलं. खुराक म्या बंद केला. कुनाला इचारलं न्हाई, वस्तादांना सांगितलं न्हाई."

लोक वैद्यांना सोडून वस्तादांकडे बघू लागले. आता वस्ताद काठी उगारतील असं सगळ्यांना वाटलं.  पण ते चाचपडत येसबाजवळ आले आणि त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला.

"चूक तुझी हाय," ते म्हणाले, "पर एकट्याची न्हाई. रोज म्या अंग कसं हाय ते इचारलं. पोटात काय गेलं, ते कधी इचारलंच न्हाई. माझा परश्न अर्धाच हुता."

येसबा त्यांच्या पायाशी बसून रडला. नंतर उठून तो केराबाईच्या ओट्यावर जाऊन बसला.  तिने आत जाऊन चरवी घासायला घेतली.

पुढे येसबाने दूध सुरू केलं, हरभरे सुरू केले, हरभऱ्यांबरोबरचे डावही निमूट ऐकले. अंग फार आंबलं तर तो दुधानंतर थोडा अर्कही घ्यायचा. आता बाळंभटही पेला देण्याआधी प्रत्येकाला विचारत, "जेवलास का?" येसबाने पुन्हा गदा आणली. मग दुसरी आणली, मग तिसरी. पण लागोपाठची तीन वर्षं पहिल्यापासून मोजावी लागली होती. तिसऱ्या गदेच्या आधीच्या पावसाळ्यात राऊ वस्ताद गेले. येसबाला किल्ली खुंटीवरून स्वतःच्या हाताने काढून घ्यावी लागली. ती द्यायला कुणी नव्हतं, याचं दुःख त्याला जन्मभर राहिलं.

किल्ली घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पैलवान हौद्याभोवती उभे राहिले. येसबा वस्तादाने पहिल्याला विचारलं, "अंग कसं हाय?"

"मोकळं हाय, वस्ताद."

"बरं. काल पोटात काय गेलं?"

त्या तालमीत तेव्हापासून दोन्ही प्रश्न विचारतात. दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही.

तात्पर्य: थकवा घालवणं वेगळं आणि ताकद भरणं वेगळं. पहिल्याचा उपयोग जरूर करावा, पण तेवढ्याने दुसऱ्याचं काम भागलं असं समजू नये.