बिल नसलेलं कार्ड

झाकण लागलं की कॉम्प्युटरचे भाग आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट.

शाल्मलीने गेम खेळायला स्वतः कॉम्प्युटर जोडला. सगळं नवं घेतलं. बजेट संपत आलं म्हणून चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड तेवढं जुन्या बाजारातून आणलं. गेम अडखळू लागला आणि आत सगळ्यांना त्या कार्डाचाच संशय आला.

"ना खोकं, ना बिल. कुणी कसं वापरलंय कुणास ठाऊक," पंखा कुजबुजला.

"चित्रं मी एकटाच काढतोय. हे नुसतं बसून वीज खातंय," एरवी हिशेब करणारा प्रोसेसर धापा टाकत म्हणाला.

"माझ्याकडे काम आलेलंच नाही," कार्ड म्हणालं.

"कामचुकार सगळे असंच म्हणतात. आधी बिल दाखव!" सगळ्या भागांना जोडणारा मदरबोर्ड गुरकावला.

आठव्या दिवशी शाल्मली कार्ड परत करायला निघाली. ते काढण्यासाठी तिने कॅबिनेट फिरवलं आणि ती थबकली. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पाठीत खोचलेली होती, म्हणून चित्रांचं काम कार्डाकडे जातच नव्हतं. कार्डाच्या पोर्टवरचं रबरी टोपण अजून तसंच होतं. तिने टोपण काढून वायर तिथे लावली. गेम सुरळीत पळू लागला.

"अरे, मग आधी सांगायचंस ना!" मदरबोर्ड म्हणाला.

"सांगितलं होतं," कार्ड म्हणालं. "तेव्हा तुम्ही बिल मागत होतात."