सुरंगीचे सासर

खारवणे गावात खाडीच्या काठावर एक बाग आहे. तिला कुलूप नाही, तिकीट नाही, मालकही नाही. चिऱ्यांच्या बुटक्या गडग्याआड कोकम, नागचाफा, जांभूळ, उंडी अशी झाडे दाटीने उभी आहेत. बाहेरगावचा माणूस इथे आला की आधी झाडांवर पाट्या शोधतो. कुणी दिले, कुणाच्या स्मरणार्थ दिले, हे त्याला वाचायचे असते. पाटी एकही सापडत नाही. मग बाग दाखवायला बरोबर आलेले गुणाजीआबा म्हणतात, "झाड कोणाचा, असा इचारू नकात. चेडू खंयच्या घरातला, ता इचारा." चेडू म्हणजे मुलगी. इथले प्रत्येक झाड गावाने सून म्हणून आणलेले आहे, आणि या रीतीची सुरुवात एका सुरंगीपासून झाली, असे सांगतात.

फार जुनी गोष्ट. बाग तेव्हाही होती. बाजाराला निघालेल्या कोळणी, माहेरी चाललेल्या लेकी, ओझ्याने वाकलेले हमाल, सगळे तिथे घटकाभर टेकत आणि तिथल्या विहिरीचे पाणी पीत. एका वैशाखात वादळ आले आणि एका दुपारीत बाग आडवी झाली. खाडीचे खारे पाणी आत शिरले, विहीरसुद्धा बुजली. दुसऱ्या दिवशी गाव गडग्यापाशी जमला आणि आडव्या खोडांवरून नुसता हात फिरवत राहिला, म्हणे.

गावाचा कारभार विसोबा गावकराकडे होता. पावसाने मातीतला खार धुऊन नेल्यावर त्याने विहीर उपसून घेतली आणि दारोदार जाऊन बागेसाठी एकेक रोप मागितले. नाही कुणीच म्हटले नाही. पण दान द्यायचे म्हटले की माणसाला अंगणातले नकोसेच आधी आठवते. कुणी पन्हळीखाली आपसूक उगवलेला शेवगा दिला, कुणी वाकडी पोफळ, कुणी कीड लागलेले लिंबू. एकाने तर वाळलेले कलम दिले, आणि वर "फुटेल हो, फुटेल" असा धीरही दिला! दिवाळीपर्यंत झाडून सारी रोपे मेली. लोक म्हणाले, जमीनच नासली, आता बागेचा नाद सोडा.

विसोबाने नाद सोडला नाही. पुढच्या मृगाला तो पुन्हा दारोदार फिरला. फक्त आवडाकाकीच्या दारावरून मान खाली घालून पुढे गेला.

आवडाकाकी विधवा. वेणू ही तिची एकुलती मुलगी. वेणूच्या लग्नाची बोलणी चालली असतानाच ती तापाने गेली. लहानपणी तिने परसात सुरंगीचे बी पुरले होते. आता ते झाड वेणूच्याच उंचीचे झाले होते. काकी त्याला पाणी घाली, त्याच्याशी बोले, थंडीत त्याच्या बुंध्याशी पेंढा पसरी. साऱ्या गावाला हे ठाऊक होते, म्हणून तिच्याकडे कुणी रोप मागत नसे. ती माया होती, पण काकीला ती जिव्हारी लागली. वेणू गेल्यापासून बारशाला, लग्नघरी, कुठेही लोक तिला असेच जपून वगळत आले होते.

तिने विसोबाला हाक मारली. "सगळ्यांच्या दारात उभो रवलंस, माज्या दारावरसून तसोच चल्लंस? माज्या चेडवाक कोणी मागणी घालूची नाय?"

विसोबा गडबडला. "काकी, ता झाड मी कसा मागू?"

"झाड म्हणान न्हेलंस तर देवचंय नाय," काकी म्हणाली. "सून म्हणान न्हेतलंस, तर घेवन जा."

आणि तसेच झाले. विसोबा बायकामाणसांना घेऊन रीतसर मागणी घालायला आला. सुरंगीला हळद लागली, बुंध्याला हिरवे लुगडे नेसवले, ओटी भरली. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता चार गड्यांनी ती खांद्यावर उचलली. गावाने आहेर म्हणून घरटी एक टोपली शेणखताची माती दिली. काकी उंबऱ्यावर उभी होती. पाठवणीच्या वेळी आई रडते तशी ती रडली, आणि तिचे रडणे पाहून गाव शरमला. लेक द्यायची तर अशी देतात, हे त्यांना उमगले. त्या पावसात ज्याने त्याने परसातले नजरेत भरणारे, जिवापाड जपलेले झाड दिले.

पण मुलगी दिली म्हणजे रीतही आली. लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही. सुरंगी फुलेपर्यंत बागेत पाऊलही टाकायचे नाही असे काकीने ठरवले. पहिल्याच महिन्यात सुरंगीने सगळी पाने टाकली. काकीला अन्न गोड लागेना. गडग्याबाहेर उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, "बरा हा मा माजा चेडू?" लोक खोटेच हो म्हणत. पुढे खरेच पालवी फुटली, तेव्हा तिला सांगायला अर्धा गाव धावत आला.

सुरंगी फुलायला घाई करत नाही. वर्षांमागून वर्षे गेली. काकी वाकली, तिची नजर मंदावली, तरी गडग्यापाशी यायची चुकली नाही. आपण आधी जाणार की ती आधी फुलणार, हीच तिला धास्ती होती. मग एका शिमग्याच्या आगेमागे पहाटेच बायका तिच्या दारात आल्या. विसोबाची बायको ओटीचे ताट घेऊन पुढे होती. तिने हाक मारली, "विहीणबाय, चला. चेडवान बोलवल्यान हा."

विहीणबाय! ही हाक आपल्या नशिबात नाही असे काकी धरून चालली होती. ती बागेत गेली. फांदीन् फांदी कळ्यांनी लगडलेली होती. तिने खोडावरून हात फिरवला, बुंध्याशी बसली, आणि विहिरीचे पाणी मागून घेतले. तो तांब्या तिने थेंबही न ठेवता संपवला, असे सांगतात.

ती सुरंगी पुढे म्हातारी होऊन गेली. रीत राहिली. चार-पाच वर्षांपूर्वीच्या वादळात बाग पुन्हा मोडली, तेव्हाही गावाने मागण्याच घातल्या, आणि मुंबईला गेलेल्यांनीसुद्धा झाडे घेऊन गाव गाठला.

आजही गुणाजीआबा बाग दाखवून झाली की स्वतः विहिरीचे पाणी शेंदतात आणि पाहुण्यांच्या ओंजळीत ओततात. ऊन मी म्हणत असते, आबांचा घसा सुकलेला असतो. तुम्हीही घ्या ना, असे कुणी म्हटले की ते कोपऱ्यातल्या कोवळ्या नागचाफ्याकडे बघतात आणि लाजल्यासारखे हसतात. "माका नको. माजा चेडू अजून फुलाक नाय."