पेटी उघडण्यापूर्वीचे एक वाक्य

“…मग उघडू की नको, एवढंच सांगा, उस्ताद.”

मृण्मयी निकमने त्या सकाळी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

उस्ताद हमीद बागवान हातातला पाना पुसत राहिले.

साताऱ्यात, यवतेश्वरचा घाट जिथे सुरू होतो तिथे, पायथ्याशी त्यांचे गॅरेज होते. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उघडून तो पूर्वीसारखा परत बसवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. मृण्मयी यंत्र-अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन, पुण्यातील कारखान्याची नोकरी सोडून, दीड वर्षापूर्वी त्यांच्याकडे शिकायला आली होती. या दीड वर्षात तिला एकही गिअरबॉक्स स्वतःच्या जबाबदारीवर उघडायला मिळाला नव्हता.

गॅरेजात त्याला पेटी म्हणत. आणि पेटीबाबत तिथे एक रिवाज होता. ज्याला पेटी उघडायची असेल, त्याने आधी दोष एका वाक्यात सांगायचा. त्या वाक्यात गाडीच्या कुठल्याही भागाचे नाव येता कामा नये.

मृण्मयीला हा रिवाज अशास्त्रीय वाटे. तिने तसे सांगितलेही होते.

“बोल,” उस्ताद म्हणाले.

“चढावर तेलाचा दाब…”

“तेल आलं.”

“चढावर वरच्या गिअरला…”

“गिअर आला.”

मृण्मयीने लॅपटॉप मिटला. “भागाचं नाव न घेता यंत्राबद्दल बोलायचं म्हणजे काय करायचं? कविता?”

“कविता येत असेल तर तीही चालेल.”

भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या लीलाबाई किर्दत हसल्या. त्यांचे यजमान दिनकर किर्दत मात्र हसले नाहीत. गाडी त्यांची होती.

किर्दतांनी एकतीस वर्षे एसटी चालवली होती. निवृत्तीनंतर डाव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागला आणि क्लच दाबणे संपले. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी नऊ वर्षे वापरलेली एक ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती हौसेसाठी नव्हती. लीलाबाईंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा, त्यांना यवतेश्वरहून खाली साताऱ्यात डायलिसिसला आणावे लागे.

खाली येताना गाडी काही तक्रार करत नसे. परतताना, चढावर, ती गिअर वर टाकी, लगेच खाली टाकी, पुन्हा वर टाकी. इंजिन ओरडे आणि वेग वाढत नसे. गेल्या गुरुवारी तिसऱ्या वळणावर तिने पुढे जायचेच नाकारले. डायलिसिसने गळून गेलेल्या लीलाबाई तासभर मागच्या सीटवर पडून होत्या.

आज मंगळवार होता.

“पेटी उघडली तर किती दिवस?” किर्दतांनी विचारले.

“तीन आठवडे,” मृण्मयी म्हणाली. “सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील.”

“तीन आठवड्यांत सहा फेऱ्या. गावातला जीपवाला हो म्हणतो आणि उगवत नाही. हिला एसटीनं परत न्यायची म्हणजे… ती उभी राहू शकत न्हाई ओ, ताई, तिथनं उठल्यावर.”

“मामा, नाही उघडली तर ती एक दिवस कायमचीच बंद पडेल.”

“एवढी खात्री?” उस्तादांनी विचारले.

“तेल करपलं आहे. रंग तपकिरी, वास जळका. मी सहा वेळा घाट चढून नोंदी घेतल्या आहेत. अकरा प्रकारच्या नोंदी, दर सेकंदाला. आत दाब टिकत नाही. पुरावा आहे माझ्याकडे.”

“सहाही वेळा गाडी अडली?”

मृण्मयीने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिले. प्रश्न रास्त होता आणि तिला खोटे बोलायचे नव्हते.

“दोन वेळा. मामा चालवत होते, मी शेजारी बसून नोंदी पाहत होते. बाकीच्या चार फेऱ्या मी एकटीने केल्या, पण त्या पहाटेच्या होत्या. हवा थंड होती. तेल तापलं नाही, म्हणून दोष दिसला नाही.”

“हवा थंड होती…” उस्ताद म्हणाले.

त्यांनी पुसलेला पाना खाली ठेवला.

मग उस्तादांनी हात पुढे केला. मृण्मयीला वाटले, पेटी उघडायच्या खास पान्यांच्या कपाटाची किल्ली मिळते आहे. उस्तादांनी तिच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला आणि तो लीलाबाईंच्या मांडीवर ठेवला.

“वहिनी, जरा सांभाळा. पोरी, तू वर जा. दुसऱ्या वळणाच्या कठड्यावर बस. किर्दतअण्णा गाडी घेऊन येतील, तुझ्यासमोरून जातील.”

“आणि मी काय मोजायचं?”

“काही नाही.”

“मग कशासाठी जायचं?”

“बसायला.”

“उस्ताद, याला निदान म्हणत नाहीत.”

“बरं. नको म्हणू.”

ती गेली. रागाने गेली, पण गेली. दुसऱ्या वळणापर्यंत चढायला तिला वीस मिनिटे लागली. कठडा उन्हाने तापला होता. तिने ओढणी दुमडून खाली घातली आणि बसली. हात मोकळे असल्यामुळे त्यांचे काय करावे हे तिला समजेना.

गाडी आली. इंजिनचा आवाज आधी आला, मग गाडी दिसली, समोरून गेली आणि पाठमोरी झाली.

मृण्मयी उभी राहिली.

गाडी चढत होती आणि तिचे मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले होते. क्षणभर विझले. पुन्हा पेटले. वळण संपेपर्यंत पेटलेलेच राहिले.

तिने लगेच निष्कर्ष काढला नाही. तिसऱ्या वळणाजवळ गाडी वळवून किर्दत परत आले, तेव्हा तिने त्यांना थांबवले.

“मामा, इंजिन चालू राहू दे. हँडब्रेक ओढा, आणि पाय सगळ्यावरून काढा.”

“काढला.”

ती मागे गेली. दिवे विझलेले होते.

“आता ब्रेक दाबा.”

पेटले.

“सोडा.”

विझले. ब्रेकच्या दिव्यांचा स्विच अडकलेला नव्हता. तारेत दोष नव्हता. तिने हे तीनदा तपासले, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

“मामा, खाली जाऊन पुन्हा वर या.”

“आणखी एकदा?”

“आणखी दोनदा.”

“ताई, तुम्ही वर बसून करताय तरी काय?”

“अजून मला माहीत नाही,” ती म्हणाली. हे वाक्य आपण शेवटचे कधी उच्चारले होते, ते तिला आठवेना.

दोन्ही वेळा दिवे पेटलेले होते. दुसऱ्या वेळी गाडी तिच्यासमोरच अडखळली. गिअर पडला, इंजिन ओरडले. मृण्मयीने या वेळी दिव्यांकडे पाहिले नाही. ती गाडीच्या शेजारून धावत गेली आणि तिने उघड्या खिडकीतून खाली, पायांपाशी पाहिले.

परतताना ती घाट उतरत आली, गाडीत बसली नाही.

उस्ताद दारातच उभे होते.

“ही गाडी,” मृण्मयी म्हणाली, “चढता चढता थांबते आहे.”

उस्तादांनी वाक्य ऐकले. त्यात कुठल्याही भागाचे नाव नव्हते.

“सांग मग त्यांना.”

“मी?”

“बघितलंस तू.”

केव्हाच परतलेले किर्दत गाडीपाशी थांबले होते; ते आता आत येत होते. मृण्मयीने एकदा श्वास घेतला.

“मामा, गाडी चालवताना तुमचा डावा पाय ब्रेकवर असतो.”

किर्दत थांबले.

“काय म्हणालात?”

“पूर्ण दाबलेला नसतो. नुसता टेकलेला. पण तेवढं पुरतं. उजव्या पायाने तुम्ही तिला चढ म्हणता, डाव्याने थांब म्हणता. ती दोन्ही ऐकते. म्हणून गिअर वर जातो, खाली येतो. तेल त्यानेच करपलं आहे. मी चालवली तेव्हा म्हणूनच अडली नाही.”

“एकतीस वर्षं,” किर्दत सावकाश म्हणाले. “एकतीस वर्षं एसटी चालवली. महाडचा घाट, पोलादपूर, धुक्यात, पावसात. एक कुत्रं न्हाई माझ्या चाकाखाली आलं. मला बिल्ला दिलाय महामंडळानं. आणि तुम्ही मला सांगणार, पाय कुठं असतो?”

“मी पाहिला.”

“चुकीचं बघितलं तुम्ही. माझा डावा पाय मोकळा असतोय. त्याला कामच न्हाई या गाडीत.”

“असतो की तिथं,” लीलाबाई म्हणाल्या.

सगळे बाकाकडे वळले. त्या लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून, तान्हे मूल घेतल्यासारख्या बसल्या होत्या.

“रोजच असतो. टेकवलेला. मला वाटलं, त्यो तिथंच ठेवायचा असतोय.”

“अगं, मग बोलायचं न्हाईस?”

“एकतीस वर्षं डायवर कोण हुतं? मी का तुम्ही?”

किर्दतांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मृण्मयीला वाटले, आपण बरोबर असूनही काहीतरी मोडले आहे… आणि हा माणूस आता गाडी दुसऱ्या गॅरेजात नेईल, तिथे पेटी उघडतील, आणि गुरुवार तसाच येईल.

ती पुढे झाली. “मामा, तुमच्या पायाची चूक नाही. एकतीस वर्षं तो क्लचवर राहिला. आता क्लच नाही, पण पाय…”

“समजावू नको,” उस्ताद म्हणाले.

ते किर्दतांजवळ गेले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गाडीपाशी नेले, चालकाच्या जागी बसवले आणि दार उघडेच ठेवले. मग अडुसष्ट वर्षांचे उस्ताद गुडघे टेकून जमिनीवर बसले आणि त्यांनी किर्दतांच्या डाव्या पायाला हात घातला.

“अहो, अहो! उस्ताद! पाय काय धरताय माझा!”

उस्तादांनी पाय धरला नाही. पायातली चप्पल काढून घेतली.

“ही राहू दे माझ्याकडं.”

“आणि मी?”

“उघड्या पायानं चालवा. खाली काय लागतंय, ते त्याला कळू दे.”

“लोक काय म्हणतील? एका चपलेचा डायवर?”

“मी दवाखान्यात तुमच्या मागं चालीन,” लीलाबाई म्हणाल्या. “वळखत न्हाई म्हणून सांगीन.”

आता किर्दतही हसले. अगदी थोडे, पण हसले.

त्या दुपारी मृण्मयीने करपलेले तेल काढले, तेल गाळणारी जाळी बदलली, नवे तेल भरले. इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावर, सपाट जागेवर, पातळी दोनदा पाहिली. पेटी उघडली नाही. संध्याकाळी किर्दत आणि ती घाट चढून गेले. पहिल्या फेरीत अनवाणी पाऊल तीनदा ब्रेकला लागले, आणि तिन्ही वेळा किर्दतांनी ते स्वतःच चटका बसल्यासारखे मागे घेतले. दुसऱ्या फेरीत एकदा. तिसऱ्या फेरीला गाडी वर पोहोचेपर्यंत एकदाही नाही.

बुधवारी त्यांनी आणखी पाच फेऱ्या केल्या. मृण्मयीने सांगितले म्हणून नव्हे. किर्दत स्वतःच सकाळी सात वाजता दारात येऊन उभे राहिले होते.

“चला, ताई. बिल्लेवाल्याला गाडी शिकवा.”

गुरुवारी दुपारी दीड वाजता गाडी दवाखान्यातून निघून गॅरेजसमोरून गेली. लीलाबाई मागच्या सीटवर, डोके काचेला टेकून, डोळे मिटून होत्या. किर्दतांनी हॉर्न दिला नाही. नजर रस्त्यावर होती.

मृण्मयी कान देऊन उभी राहिली. पहिले वळण. दुसरे. तिसरे. आवाज एकसारखा चढत गेला, लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. पोहोचलो, एवढेच किर्दत म्हणाले.

ती आत आली. उस्ताद दुसऱ्या एका गाडीखाली आडवे झाले होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

“उस्ताद, एक विचारायचं आहे.”

“हं.”

“त्यांचा पाय ब्रेकवर असतो, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“नाही.”

“शंका होती?”

“नाही.”

तिने थोडा विचार केला. उत्तर तिच्या मनाला पटले नाही.

“माहिती नाही, शंकाही नाही. मग मला कठड्यावर बसवलंत ते कशाच्या आधारावर?”

गाडीखाली पाना फिरल्याचा आवाज आला. थांबला.

“तुला सगळं आधीच माहीत होतं ना… म्हणून बसवलं.”